आत्याचा विस्तव रेल्वेने आला

माझ्या नणंदेचं नाव रुख्माबाई. रामपायलीकडच्या आमच्या गावात मात्र त्यांना सगळे आत्याच म्हणायचे. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला बैलबंडीवाला नथ्थूसुद्धा दारातून हाक मारायचा, "आत्या, घरी हाव का?" आणि आत्या आतून ओरडायच्या, "नाई, नागपूरले गेलतो!"

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला त्यांची भीती वाटली होती. मी नागपूरला कॉलेजात शिकलेली, बी.ए. झालेली, आणि चुलीपुढे पाच मिनिटं बसले की डोळे चोळत बाहेर पळणारी. आत्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सैपाक येत नाई तं राहू दे, आनंदी. शिकशील. फक्त विस्तव विझू देऊ नको."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. तसं नव्हतं. आत्यांच्या चुलीतला विस्तव खरोखरच कधी विझत नसे. रात्री जेवणं झाली की त्या एक पेटती गोवरी राखेत पुरायच्या, वरून धानाचं तूस दाबून भरायच्या, आणि सकाळी राख सारली की खाली लाल डोळा उघडा असायचाच. गावाला जायचं झालं तर शेजारणीला चार वेळा बजावून जायच्या. मी एकदा कौतुकाने त्यांना माचिसची डबी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, हलवून पाहिली आणि परत दिली. "माचीस इकत भेटते, बाई. विस्तव राखा लागते."

याचं कारण मला यांनी सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, वसंत, आत्यांचा वसंता. आई पटकीने गेली, मागोमाग वडील गेले, तेव्हा हे तीन वर्षांचे होते आणि आत्या पंधरा-सोळाच्या. नवरा लग्नानंतर वर्षभरातच वारला होता म्हणून त्या माहेरी परतल्या होत्या. त्या पावसाळ्यात एकदा चूल विझली. आत्या हातात खापर घेऊन मोठ्या घरच्या दाराशी विस्तव मागायला गेल्या. त्या घरच्या बाईने उंबऱ्याच्या आतूनच, चांगल्या हातभर उंचीवरून निखारा टाकला, विटाळ नको म्हणून. निखारा खापरात न पडता आत्यांच्या पायावर पडला आणि तिथून चिखलात. बाई म्हणाली, आता दुसरा नाही. त्या रात्री दोघा भावंडांनी भिजवलेले तांदूळ चावून खाल्ले. आत्यांच्या उजव्या पावलावर तो डाग अजून आहे. त्यानंतर त्या विस्तवासाठी कुणाच्या दारात गेल्या नाहीत.

छप्पन साली गावातल्या आमच्या सगळ्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा आत्यांनी घरातले देव स्वतःच्या हाताने चंदन नदीत सोडले आणि हसत घरी आल्या. दीक्षेच्या समितीतल्या एका तरुण पोराने त्यांना बजावलं, "आत्या, आता विस्तवाच्या बी पाया पडायचं नाई बरं."

"पाया कोण पडते बापू?" आत्या म्हणाल्या. "त्याले खायाले द्या लागते. तो घरचा माणूस हाये."

अशा बाईला घर सोडायला लावायचं होतं. यांना बालाघाटला जंगल खात्याच्या कचेरीत बाबूची नोकरी लागली आणि सोबत दोन खोल्यांचा सरकारी क्वार्टर मिळाला. क्वार्टर मिळाला हे नोकरीपेक्षा मोठं होतं, कारण आमचं आडनाव ऐकून भाड्याची खोली मिळणं सोपं नव्हतं. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. मग आठवलं की आत्यांना विचारलेलंच नाही.

मला आत्या हव्या होत्या, आणि त्यात माझा स्वार्थ उघड होता. सरिता पाच वर्षांची, मिलिंद वर्षाचा. मिलिंद खोकला तरी मला न्यूमोनिया दिसायचा, सरिता अंगणाबाहेर गेली की विहीर दिसायची. माझा जीव ताळ्यावर ठेवणारं माणूस घरात एकच होतं. आत्या म्हणायच्या, "लेकरू शिंकलं की आनंदी कफन शोधते." असलं बोलणं फक्त त्यांच्याच तोंडून मला ऐकवायचं.

मी आत्यांना विचारलं. तिसऱ्या दिवशी धान पाखडता पाखडता सूप खाली ठेवून म्हणाल्या, "चलतो मी. पण माहा विस्तव माह्यासंगं चालंल. तो जित्ता पोचला तं मी तिथं राहीन. रस्त्यात विझला तं नथ्थूच्या बंडीत बसून मी परत. मंग मले बलावाचं नाई."

"अहो आत्या, तिथे मी स्टोव्ह पेटवीन ना," मी म्हणाले.

"स्टोव्ह तुहा. विस्तव माहा."

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती बोलते ते करते. विस्तव पोचवू."

मग बांधाबांध सुरू झाली. पौषाची थंडी होती, धान मळून घरात आलं होतं. नथ्थूची बंडी दारात उभी राहिली आणि आमचं घर तिच्यावर चढायला लागलं: तांदळाची पोती, जातं, मुसळ, यांच्या पुस्तकांची पेटी, खाट उलटी करून तिच्या पोटात भांडी. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आत्यांनी आपल्या ठेवणीतल्या लुगड्यात गुंडाळली. एका टोपल्याखाली त्यांनी एक कोंबडीही लपवली, पण ती बोलली, म्हणून कळलं. मी कंदिलाची काच कोरड्या तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, गच्च बांधली आणि ती गठडी कुणाला हात लावू दिली नाही. नथ्थू म्हणाला, "बाई, काच हाये का लेकरू हाये?"

विस्तव बंडीत ठेवता येत नव्हता. बंडी तणसाने भरलेली. एक ठिणगी उडाली तर घराचं घर रस्त्यात जळलं असतं. शिवाय बंडी सडकेने दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती आणि आम्ही वारासिवनीहून लहान गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, त्याच दिवशी. तेव्हा विस्तव आमच्यासोबत रेल्वेने जाणार, असं आत्यांनी ठरवलं. त्यांनी मातीची शेगडी, तिकडे तिला गोरसी म्हणतात, राखेने भरली, मधे पेटती गोवरी, वर तूस. ती बांबूच्या टोपलीत ठेवली, वरून सूप झाकलं आणि सुपावर घोंगडं टाकलं.

"कोणी इचारलं तं?" यांनी विचारलं.

"सांगू, आजारी माणूस हाये."

वारासिवनीच्या फलाटावर धुकं होतं, त्यामुळे आमच्या टोपलीतून निघणारी धुराची बारीक रेघ कुणाला दिसली नाही. डब्यात चढलो. आत्यांनी टोपली बाकाखाली, आपल्या दोन पायांच्या मधे ठेवली. मी सरिताला खिडकीशी बसवलं, मिलिंदला पोटाशी धरलं आणि मनातल्या मनात डब्यातून उडी मारायची वेळ आली तर आधी कोणाला उचलायचं ते ठरवून ठेवलं.

गाडी हलली. लहान गाडीचा डबा म्हणजे समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागणार. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, धोतर, गळ्यात माळ, कानात बाळी, मोठ्या शेतीचे दिसत होते. त्यांनी पाय पुढे पसरले, थोडा वेळ थांबले, आणि आणखी पुढे पसरले.

"बाई, हे टोपलं गरम लागून राह्यलं."

"हौ," आत्या म्हणाल्या. "विस्तव हाये."

मी डोळे मिटले. पण म्हातारबांनी ओरडा केला नाही. त्यांनी पायांच्या तळव्यांनी नीट शेक घेतला आणि मग खिशातून बिडी काढली. "माही माचीस सर्दली हाये. कोण्या गावचे तुमी? कोण लोक?"

हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. हे खिडकीबाहेर पाहू लागले. आत्यांनी गाव सांगितलं आणि आवाज जराही न उतरवता पुढे म्हणाल्या, "बौद्ध हाओ आमी."

म्हातारबांची बिडी बोटांत तशीच राहिली. गाडीने एक नाला ओलांडला. मग ते कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले, "हवा लय बेकार सुटली हाये," आणि वाकले. आत्यांनी सूप बाजूला केलं, राख सारली. म्हातारबांनी निखाऱ्याला बिडी टेकवली, ओढली आणि डोळे मिटून धूर सोडला. "महागू म्हणतात मले," ते म्हणाले.

मग काय, डब्यात बातमी पसरली. थंडीने काकडलेले लोक एकेक करून आमच्या बाकाशी आले. कुणी हात शेकले, कुणी बिडी पेटवली. आत्या मोठ्या लग्नघरच्या यजमानीणबाईसारख्या प्रत्येकाला "या, बसा, सांभाळून" म्हणत होत्या. मी यांच्याकडे पाहिलं. हे त्या बिड्यांकडे जरा जास्तच लक्ष देऊन पाहत होते, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

पुढच्या स्टेशनवर टी.सी. चढला. तरुण होता, काळा कोट त्याला दोन बोटं मोठा. दारातच त्याने नाक वर केलं.

"ये धुआँ कहाँ से आ रहा है?"

डब्यातल्या सगळ्यांनी एकदम आपापल्या बिड्या दाखवल्या.

"बीड़ी का नहीं, कंडे का धुआँ है। मैं भी गाँव का ही हूँ।" तो गोवरीच्या वासावर सरळ आमच्यापाशी आला. वाकला. घोंगडं उचललं. "अम्मा! रेल में सिगड़ी?"

"आजारी माणूस हाये," आत्या म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

यांनी समजावून पाहिलं. महागूजींनी मधे पडून पाहिलं. टी.सी. ऐकून घेत होता, पण मान हलवत होता. "मेरी नौकरी जाएगी, बाबूजी। डिब्बे में बच्चे बैठे हैं। आग लग गई तो?"

खरं सांगायचं तर तो बोलत होता ते सगळं मी वारासिवनीपासून मनात बोलत आले होते. तरी त्या क्षणी मला तो जगातला सर्वांत वाईट माणूस वाटला.

"बुझाओ, अम्मा।"

आत्यांनी आमचा पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "तुमी ओता साहेब. माह्या हातानं होत नाई."

त्याने तांब्या घेतला. क्षणभर आमच्याकडे पाहिलं, मग तोंड फिरवून पाणी ओतलं. गोरसी फुसफुसली, राखेचा ढग उठला, मिलिंदला ठसका लागला, आणि झालं. टी.सी. तांब्या बाकावर ठेवून पुढे गेला.

आत्या रडल्या नाहीत. त्या ओल्या राखेत बोट घालून पाहत होत्या, आजारी लेकराचं कपाळ पाहावं तसं. मग त्यांनी सूप झाकलं आणि मला म्हणाल्या, "मिलिंदले थंड पाणी देऊ नको तिथं. आणि सरिताले रातच्याला कानाले फडकं बांधत जाय." त्या परत निघाल्या होत्या. मला कळलं, यांनाही कळलं.

महागूजींची बिडी संपत आली होती. त्यांनी शेवटचा झुरका घेतला आणि थोटूक फेकायला हात खिडकीबाहेर नेला.

"थांबा जी!" आत्या एवढ्या जोरात ओरडल्या की सरिता दचकली. "फेकू नका! तो माहा हाये!"

"काय तुमचा?"

"विस्तव! माह्या चुलीचा हाये तो!"

महागूजींनी हात आत घेतला आणि थोटकाच्या टोकाकडे पाहिलं. टोक लाल होतं. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "अरे हौ! तुमचाच तं हाये!" आणि त्यांनी घाईघाईने दुसरी बिडी काढून थोटकावर पेटवली. "ओढा रे सगळे! बाईचा विस्तव विझू देऊ नका! बालाघाटपावतर न्या लागते!"

पुढची अर्धी वाट त्या डब्याने जे केलं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. ज्यांनी ज्यांनी आमच्या गोरसीवर बिडी पेटवली होती ते सगळे कामाला लागले. बिडी ओढली नाही तर लगेच मरते, म्हणून दोघे एकदम ओढत होते, न जाणो एकाची विझली तर. वैनगंगेचा पूल आला तेव्हा वारा आत घुसायला लागला. खिडक्या फटाफट बंद झाल्या. डबा धुराने इतका भरला की मी मिलिंदचं तोंड पदराखाली घेतलं. टी.सी. परत आला, दारातच थबकला.

"अब क्या हो रहा है?"

"बीड़ी पी रहे हैं, साहब," महागूजी म्हणाले. "मना है क्या?"

त्याने सगळ्या लाल टोकांवरून नजर फिरवली, मग आत्यांकडे पाहिलं. "बीड़ी मना नहीं है," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं, वारा येऊ नये म्हणून.

बालाघाट आलं. महागूजींना इथे उतरून पुढे गोंदियाची गाडी धरायची होती. बाकीचेही पांगले. फलाटावर महागूजींनी ताजी पेटवलेली बिडी यांच्या हातात दिली, वर आणखी काही बिड्या दिल्या. "ओढत राहा बाबू. हात दुखला तं चालंल, तोंड थांबलं नाई पायजे."

हे आत्यांकडे पाहायला लागले. लहानपणी एकदा बिडीचं थोटूक सापडलं म्हणून आत्यांनी यांना आंब्याच्या फोकाने झोडलं होतं, हे मला माहीत होतं.

"पाह्यतं काय? ओढ!" आत्या म्हणाल्या.

यांनी बिडी ओठांत धरली. मला वाटलं, आता खोकतील. खोकले नाहीत. सफाईने झुरका घेतला, धूर आत नेला आणि दोन्ही नाकपुड्यांतून सरळ खाली सोडला.

मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कवापासून रे?" आत्या म्हणाल्या.

यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"बोलू नको! ओढ! विझंल तो!"

फाटकावर तोच टी.सी. तिकिटं घेत होता. यांच्या तोंडात बिडी, हातात तिकिटं, कडेवर सरिता. तो हळूच म्हणाला, "बाबूजी, बुझने मत देना।"

सायकलरिक्षात क्वार्टरपर्यंत आत्या यांना बोलत राहिल्या आणि हे बिचारे ओढत राहिले. "माह्या पोटाले चिमटा घेऊन शिकवलं याले. कॉलेजात हेच शिकला का? ओढ! काहून थांबला? बायकोले तरी सांगायचं होतं. दुसरी पेटव, हे संपून राह्यली!" रिक्षावाला हसता हसता पायडल मारायला विसरत होता. मी मात्र मनात ठरवलं की आजची शेवटची बिडी विझल्यावर या विषयावर माझंही थोडं बोलणं होईल.

क्वार्टरचं कुलूप काढलं. आत चुन्याचा वास, सिमेंटची भुई आणि कोपऱ्यात कोरी चूल. बाकी काही नाही. गोवऱ्या, लाकडं, तूस, सगळं बंडीत, सडकेवर कुठेतरी. यांच्या ओठांशी शेवटची बिडी पेरभर उरलेली.

"काई तरी सुकं द्या रे!" आत्या हात पसरून खोलीत फिरत होत्या.

मी कंदिलाच्या काचेची गठडी सोडली. कोरडं, कुरकुरीत तणस. आत्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चुलीत त्याचं घरटं केलं, यांनी थोटूक मधे ठेवलं, आणि आत्या भुईवर आडव्या होऊन फुंकर घालू लागल्या. आधी धूर, मग आणखी धूर, मग एक बारीक पिवळी जीभ.

तेवढ्यात दारातून एक बाई पाण्याची भरलेली बादली घेऊन आत धावल्या. "आग लगी! आग लगी!"

"पानी नाई!" आत्या, मी आणि हे, तिघेही एकदम ओरडलो. हे तर चुलीपुढे हात पसरून आडवेच झाले.

त्या शेजारच्या कमलाबाई. सगळं कळल्यावर त्या बादलीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग घरी जाऊन लाकडं, चार गोवऱ्या आणि थोडे तांदूळ घेऊन आल्या. आत्यांनी पहिला भात त्या विस्तवावर रांधला, कमलाबाईंच्याच पातेल्यात.

पण आत्या राहणार की जाणार, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी आपलं बोचकंही सोडलं नव्हतं.

सकाळी नथ्थूची बंडी आली. सामान उतरलं, कोंबडी उतरली. रिकाम्या बंडीला बैल जुंपत नथ्थूने दारातून हाक मारली, "आत्या, घरी हाव का? का चालता परत?"

आत्या चुलीपाशी होत्या. आणि नेमक्या त्याच वेळी कमलाबाई मागच्या दाराने हातात लोखंडी उलथनं घेऊन आल्या होत्या. "दीदी, माचिस खतम हो गई। जरा आग देना।"

आत्यांनी राख सारली, चांगला मोठा निखारा निवडला आणि चिमट्याने उचलून कमलाबाईंच्या उलथन्यावर ठेवला. टाकला नाही, अलगद ठेवला, आणि तो हलणार नाही अशी खात्री होईपर्यंत दुसऱ्या हाताने कमलाबाईंचं मनगट धरून ठेवलं.

"नथ्थू," त्या आतूनच ओरडल्या, "तू जाय बापू! मले येळ नाई. शेजारीण विस्तव न्याले आली हाये."

त्या घटनेला आता बरीच वर्षं झाली. मुलं मोठी झाली आहेत, स्टोव्ह दोनदा बदलला. हे बिडी सोडल्याचं सांगतात. आत्या पलीकडे झोपल्या आहेत, आणि हे लिहिता लिहिता मी उठून चूल पाहून आले. पूर्वी गावी असताना रात्री उठायचे ते विस्तव कुठे सांडला तर नाही ना, म्हणून. आता राख जरा सारते, खाली लाल दिसलं की परत झाकते. तूस कमी वाटलं म्हणून मूठभर घातलं.